सातबाऱ्यावरचा बोजा

परळ, मुंबई
रविवार, रात्री अकरा

प्रिय सुमे,

तुझ्या रिपोर्टचा फोटो आला तेव्हा मी लोकलमध्ये दारापाशी चेंगरले होते. 'एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह' एवढंच दिसलं, आणि खाली तुझा प्रश्न, "म्हणजे कर्करोग झालाच का गं?" मी फोनवर नुसतं "नाही" म्हटलं. तुला ते पटलं नाही, हे तुझ्या "बरं"वरूनच कळलं. म्हणून हे पत्र.

आधी तू न विचारलेला प्रश्न. एचपीव्ही म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवू शकणारा विषाणू, १६ हा त्याचा एक प्रकार. तो शरीरसंबंध आलेल्या बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी गाठतो आणि वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतो. तो गेल्या वर्षी आला की लग्नाच्या वर्षी, हे कुठलीच टेस्ट सांगत नाही. तेव्हा विलासरावांवर घरात कोर्ट भरवू नकोस.

आता झालाच का, याबद्दल. दहातल्या नऊ जणींच्या शरीरातून हा विषाणू दोनेक वर्षांत आपोआप जातो. काहींच्यात ठाण मांडतो, आणि त्यातूनही कर्करोग व्हायचा तर साधारण पंधरा-वीस वर्षं जातात. एवढा वेळ का लागतो, हे सांगायला मला तुमच्या मळ्याचा सातबाराच बरा वाटतो. आठवतं, दादांनी सोसायटीचं कर्ज फेडलं तरी 'इतर हक्क' रकान्यातला बोजा काही केल्या निघेना? जमीन होती तिथेच, एक गुंठाही कमी नाही. पण ना विकता येईना, ना गहाण ठेवता येईना.

पेशीतल्या जनुकांचं असंच होतं. जनुक तसंच राहतं, अक्षरं तीच, पण त्यावर मिथाइल नावाची बारीक रासायनिक खूण बसते आणि ते गप्प होतं. यालाच एपिजेनेटिक बदल म्हणतात. एरवी हे चांगलंच. डोळ्याच्या पेशीने यकृताचं काम करू नये म्हणून अशा खुणा लागतातच.

विषाणूचे दोन गडी आहेत, ई६ आणि ई७ ही त्याची प्रथिनं. आपल्याकडे पी५३ नावाचा राखणदार असतो. बिघडलेली पेशी दिसली की तो तिला थांबवतो, नाहीतर संपवतो. ई६ त्याच्यावर 'कचरा' अशी चिठ्ठी लावून घेतो, आणि पेशीची कचरागाडी बिचाऱ्याला उचलून नेते. ई७ दुसरा ब्रेक, आरबी, काढून टाकतो. वर ई७ खुणा लिहिणाऱ्या तलाठ्यालाच धरतो. त्याचं नाव डीएनएमटी१. पेशी दुभंगताना जुन्या खुणा नव्या पेशीत उतरवायच्या, फेरफार ओढल्यासारख्या, हे त्याचं काम. ई७ बिलगला की तो जोरात लिहीत सुटतो. मग सीएडीएम१, एमएएल अशा गाठ रोखणाऱ्या जनुकांवर बोजा चढलेला दिसतो, आणि वारसांच्या नावेही तोच चालत राहतो.

एरवी ई६ आणि ई७ना वेसण घालणारं विषाणूचंच एक जनुक असतं, ई२. विषाणूचा गोल धागा तुटून आपल्या डीएनएत घुसतो तेव्हा पुष्कळदा हे ई२च मोडतं. मग ते दोघे मोकाट.

मला सगळ्यात चकित करणारी गोष्ट आमच्या लॅबच्या फ्रीजरमध्ये आहे. हेन्रिएटा लॅक्स ही अमेरिकन बाई १९५१ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने वारली, अवघी ३१ वर्षांची. तिला न विचारता काढलेल्या तिच्या पेशी, हेला, आजही जगभर वाढतात. त्यांत एचपीव्ही १८ आहे. त्यांच्यात ई२ परत घातलं की पी५३ पुन्हा उभा राहतो आणि पेशी म्हाताऱ्या होऊन वाढायच्या थांबतात. एवढ्या वर्षांनीही! म्हणजे राखणदार मेलेला नव्हता, रोज उचलून नेला जात होता. यावर मी मागे तासभर बोलले होते आणि तू झोपली होतीस, असो.

बोजा उतरवणारं औषध आहे का, असं विचारशील. अझासायटिडिन रक्ताच्या काही आजारांत देतात, पण गर्भाशयमुखासाठी ते नेहमीच्या उपचारात नाही. उपयोग उलट बाजूने होतोय: काही देशांत पॉझिटिव्ह आलेल्या बायकांमध्ये हे मिथाइलचे डाग मोजतात. किरकोळ बदलांत डाग कमी, कर्करोगाच्या जवळच्या बदलांत पुष्कळ. कुणाला घाई हवी, ते त्यावरून कळतं.

तुझी घाई एवढीच: १६ नंबर आहे म्हणून डॉक्टरांनी कॉल्पोस्कोपी सांगितली, ती पुढे ढकलू नकोस. दुर्बिणीतून बघतात, व्हिनेगरसारखं पाणी लावतात, बदललेला भाग पांढरा दिसतो. इथल्या टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्रींनी मुंबईच्या वस्त्यांत याच व्हिनेगरने, दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून, तपासण्या घेतल्या. या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. काही पांढरं दिसलंच, तर तेवढा भाग गोठवून किंवा काढून टाकतात. बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी.

आणि ऋतुजा चौदाची झाली ना? एचपीव्ही टाळायला पुण्याच्या सीरमची 'सर्व्हाव्हॅक' लस आहे, तिच्या वयाला दोन डोस. तुझ्या तपासणीच्या गडबडीत तिचं राहून जाईल, म्हणून लिहिलं.

गुरुवारच्या महालक्ष्मीने ये. मी पहाटे दादरला प्लॅटफॉर्मवर असेन. तपासणी होईपर्यंत बाहेर बाकावर बसेन, मग हिंदमाताला साड्या बघू. भडंग आण, तिखट.

तुझीच,
मंगल