पेनाइटचा वेदनेशी संबंध नाही

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील दुर्मीळ खनिजांवरचा लेख आवडीने वाचला. मात्र ‘पेनाइट’ हे नाव वेदना या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून आले आणि ते शोधताना खाणकामगारांनी सोसलेल्या हालांची आठवण त्यात आहे, हे विधान चुकीचे आहे. गोष्ट हृदयस्पर्शी आहे, पण खरी नाही.

हे नाव आर्थर पेन या ब्रिटिश रत्नसंग्राहकाचे आहे. ब्रह्मदेशातील मोगोक हा माणकांसाठी प्रसिद्ध असलेला भाग. तिथला एक गडद लाल स्फटिक त्यांच्या हाती आला आणि 1954 मध्ये त्यांनी तो ब्रिटिश म्युझियमला दिला. तपासणीत तो कोणत्याच ज्ञात खनिजाशी जुळेना. 1957 मध्ये क्लॅरिंगबुल, हे (Hey) आणि पेन (Payne) या तिघांनी नवे खनिज म्हणून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. देवनागरीत इथे आणखी एक गोंधळ संभवतो. या तिघांतले पेन वेगळे, त्यांच्या इंग्रजी नावाची अक्षरेही वेगळी. खनिजाला नाव मिळाले ते स्फटिक देणाऱ्या आर्थर पेन (Pain) यांचे.

‘आइट’ हा शेपटासारखा लागणारा प्रत्यय मूळ ग्रीक. ‘त्याचा’, ‘त्याच्याशी संबंधित’ असा त्याचा अर्थ. आपल्या आडनावांतला ‘कर’ गावाशी नाते सांगतो, तसेच काहीसे. टाफाइट या दुसऱ्या दुर्मीळ खनिजाचे नावही असेच, रत्नतज्ज्ञ रिचर्ड टाफ यांच्यावरून आलेले. 1945 मध्ये डब्लिनमध्ये घेतलेल्या पैलू पाडलेल्या खड्यांतला एक वेगळा आहे, हे त्यांच्या नजरेने हेरले होते.

पेनाइटचा तिसरा स्फटिक ओळखला गेला तो थेट 1979 मध्ये. या खनिजात झिर्कोनियम हा धातू आहे, हे तर पहिल्या रासायनिक विश्लेषणात निसटलेच होते; 1976 मध्ये स्फटिकरचनेच्या अभ्यासातून ते स्पष्ट झाले. म्हणजे खनिजाचे रासायनिक सूत्र बदलले, नाव मात्र तेच राहिले. म्हणून तर त्या नावाचा उगम नीट सांगायला हवा असे मला कळकळीने वाटते. पेन यांनी तो स्फटिक संग्रहालयाला दिला नसता, तर एखादा लाल खडा म्हणून तो कुठेतरी पडून राहिला असता. त्यांचे श्रेय एका काल्पनिक व्युत्पत्तीने पुसले जाऊ नये.

पुढील अंकात ‘पेनाइट : आर्थर पेन यांच्या नावावरून’ एवढी एका ओळीची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक नियमित वाचक