दुहेरी काचेच्या तावदानांचे सील निकामी झाल्याबाबत तक्रार

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : वॉरंटीच्या मुदतीत दुहेरी काचेच्या तावदानांचे सील निकामी होणे, मूळ कारण दूर करून तावदाने बदलून मिळणे, आणि आपल्या विभागाने दिलेल्या लेखी नकाराचा फेरविचार होणे.

महोदय,

बावधन येथील आमच्या सदनिकेत २०२१ च्या दिवाळीनंतर आपल्या कंपनीने यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) चौकटींच्या दुहेरी काचेच्या खिडक्या बसवून दिल्या. त्यांपैकी पश्चिमेकडच्या, म्हणजे दिवाणखान्यातील मोठ्या सरकत्या खिडकीच्या आणि सासूबाईंच्या खोलीतील खिडकीच्या तावदानांमध्ये, दोन काचांच्या मधल्या बंदिस्त पोकळीत, बाष्प धरू लागले आहे. आपल्या वॉरंटी कार्डावर काचेच्या युनिटच्या, म्हणजे कडेने बंद केलेल्या दोन काचांच्या जोडीच्या, सीलसाठी दहा वर्षांची हमी स्पष्ट छापलेली आहे. असे असूनही आपल्या विभागाने मला ई-मेलने कळवले की, हे ‘घरातील दमटपणामुळे येणारे बाष्प’ असून ते वॉरंटीत बसत नाही. हे उत्तर मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे नीट कळावे म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

दुहेरी काचेच्या खिडकीवर दव तीन ठिकाणी धरू शकते आणि तिन्हींचे अर्थ अगदी वेगळे आहेत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा उतरलेला असताना स्वयंपाकाची वाफ किंवा न्हाणीघरातला ओलावा खोलीच्या बाजूच्या काचेवर धरला, तर तो घरातला दमटपणा. खिडकी उघडली किंवा फडके फिरवले की तो जातो. पावसाळ्यात रात्रभर एसी चालू राहिला आणि सकाळी काचेच्या बाहेरच्या अंगावर दव दिसले, तर तोही खिडकीचा दोष नाही, कारण थंड झालेल्या काचेला बाहेरची दमट हवा लागलेली असते. या दोन्ही गोष्टी आमच्याकडे अधूनमधून होतात आणि त्यांबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. माझी तक्रार तिसऱ्या जागेबद्दल आहे. आतून पुसले, बाहेरून पुसले, तरी जे पुसले जात नाही ते दोन काचांच्या मध्येच आहे, आणि तिथे घरातला दमटपणा पोहोचण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे फुटलेले सील. दमटपणा घरातला असो वा पावसाळी हवेतला, त्याला आत येऊ न देणे हेच सीलचे काम आहे. त्यामुळे आपल्या उत्तरातील कारण खरे धरले तरी त्यातून सील निकामी झाल्याचेच सिद्ध होते.

आपले साइट इंजिनिअर पाहणीसाठी आले ते प्रत्येक वेळी दुपारनंतर. त्या वेळी पश्चिमेचे ऊन थेट काचेवर असते, पोकळीतली हवा तापलेली असते, आणि सकाळी काचेवर उतरलेले पाणी पुन्हा वाफ होऊन त्याच हवेत मिसळलेले असते. साहजिकच त्यांना काच बरीचशी स्वच्छ दिसली आणि त्यांनी ‘निरीक्षणाच्या वेळी बाष्प आढळले नाही’ असा शेरा मारला. सील फुटल्यानंतरच्या पहिल्या काळात नेमके असेच होते, धुके येते आणि जाते, आणि म्हणून पाहणी पहाटे व्हायला हवी, असे मी त्यांना सांगितले होते. त्यावर कोणीही पहाटे आले नाही. तेव्हा भर दुपारी त्यांच्यासमोर मी स्टीलच्या वाटीत बर्फ आणि मीठ घालून ती दिवाणखान्याच्या तावदानावर काही मिनिटे दाबून धरली. वाटी काढून खोलीच्या बाजूचे पाणी कोरड्या कापडाने टिपले, तरी वाटीच्या बुडाएवढा पांढुरका गोल काचेच्या पलीकडच्या अंगावर, म्हणजे पोकळीच्या बाजूला, तसाच उमटलेला राहिला. शेजारच्या पूर्वेकडील खोलीतील तावदानावर हाच प्रयोग केला तेव्हा आत काहीही उमटले नाही, कारण तिथली पोकळी अजून कोरडी आहे. ही दोन्ही छायाचित्रे वेळेच्या नोंदीसह सोबत जोडली आहेत. इंजिनिअरसाहेबांनी हे डोळ्यांनी पाहिले. त्यांच्या अहवालात मात्र याचा एका शब्दानेही उल्लेख नाही, आणि याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटले.

आता सील का गेले याविषयी. आपल्याला हे शास्त्र ठाऊक आहेच. तरीही लिहिते, कारण दुरुस्ती कोणती हवी हे त्यावरच ठरते. दोन काचांच्या कडेने जी ॲल्युमिनियमची स्पेसर पट्टी असते, तिच्या पोकळीत ओलावा शोषणारे मॉलिक्युलर सीव्हचे दाणे भरलेले असतात. पट्टी आणि काच यांच्या मध्ये ब्युटिलचा काळा पातळ थर असतो, जो बाष्प अडवतो. आणि त्याच्या बाहेरून पॉलिसल्फाइडचे किंवा सिलिकॉनचे जाड सील असते, जे दोन्ही काचांना घट्ट धरून ठेवते. कोणतेही सील शंभर टक्के बाष्परोधक नसते. थोडा ओलावा वर्षानुवर्षे आत झिरपतो आणि दाणे तो शोषत राहतात, म्हणूनच नीट बसवलेले युनिट सहसा पंधरा-वीस वर्षे टिकते. पश्चिमेच्या खिडकीवर ताण जास्त येतो, हेही मी मान्य करते. कोंडलेल्या हवेच्या तापमानात ३० अंश सेल्सिअसचा फरक पडला की तिचा दाब सुमारे १० टक्क्यांनी बदलू पाहतो, काचा बाहेर फुगतात आणि आत येतात, आणि ही ओढाताण रोज कडेच्या सीलवर पडते. परंतु पुण्यात पश्चिमेच्या खिडक्या असणारच, आणि त्या पश्चिमेच्या आहेत हे माप घेताना आपल्या माणसांनी पाहिले होते. ऊन हे काही चार वर्षांच्या आत सील जाण्याचे कारण होऊ शकत नाही.

खरे कारण तावदानाच्या खालच्या खाचेत आहे. आपल्याच फिटरने माझ्यासमोर सासूबाईंच्या खोलीतील खिडकीचे बीडिंग (काच जागेवर धरून ठेवणारी पट्टी) काढले, तेव्हा खाचेत पाणी साचलेले होते. काचेच्या खाली, तिला खाचेच्या तळापासून उचलून धरण्यासाठी जे पॅकिंग असायला हवे, ते एका कोपऱ्यात सरकलेले होते आणि दुसऱ्या बाजूला मुळीच नव्हते. त्यामुळे काचेची कड, म्हणजे सीलची कड, थेट पाण्यात बसलेली होती. बोटाने दाबल्यावर तिथले सील मऊ लागत होते आणि काचेपासून सुटले होते. वरच्या कडेचे सील मात्र टणक आणि चिकटलेले होते. पावसाचे पाणी काचेच्या कडेच्या रबरी पट्टीतून (गॅस्केटमधून) थोडेफार खाचेत उतरणे नैसर्गिक आहे, म्हणून तर शटरच्या (खिडकीच्या सरकणाऱ्या किंवा उघडणाऱ्या भागाच्या) आणि चौकटीच्या खालच्या अंगाला निचऱ्याची छिद्रे ठेवलेली असतात. आमच्या या खिडक्यांच्या बाहेरच्या छिद्रांवर मात्र सिलिकॉन भरलेले आहे. ते आपल्याच माणसांनी पहिल्या पावसाळ्यात, दिवाणखान्यात पाणी येते अशी मी तक्रार केल्यावर, ‘पॅक’ करून दिले होते. म्हणजे ज्या वाटेने पाणी बाहेर जायचे, ती वाट एका तक्रारीचे निवारण म्हणून बंद करण्यात आली, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात ते पाणी सीलच्या कडेशी साचून राहिले. पूर्वेकडील खिडकीची छिद्रे कोणी बुजवली नाहीत आणि तिचे तावदान आजही निर्दोष आहे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

हे पाहून त्या तरुण फिटरने ‘मॅडम, पाण्याला जायला जागाच नाही’ असे प्रामाणिकपणे सांगितले. त्याच्या प्रामाणिकपणाचा त्याला त्रास होऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सहीसाठी माझ्यापुढे आलेल्या जॉब शीटवर मात्र ‘काच साफ केली, काम समाधानकारक’ एवढेच लिहिलेले होते. मी त्यावर सही केलेली नाही.

आपल्या विभागाने त्यानंतर फोनवरून सुचवलेला तोडगा असा की, काचेला कोपऱ्यात दोन बारीक छिद्रे पाडून आतले बाष्प सुकवावे, आतून द्रव फिरवून काच धुवावी आणि छिद्रांना छोटी झाकणे बसवावीत. खर्च निम्मा मी सोसावा. ही सूचना मी दोन कारणांनी स्वीकारू शकत नाही. पहिले कारण सुरक्षिततेचे आहे. या तावदानांच्या कोपऱ्यात आयएस २५५३ या सुरक्षा काचेच्या भारतीय मानकाचा शिक्का आहे आणि काच टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून कणखर केलेली, आहे. टफन्ड काचेला भट्टीतून निघाल्यानंतर छिद्र पाडता येत नाही. ड्रिल लावताच ती सबंध काच खळकन फुटून तुकडे होते. आमची खिडकी उंच मजल्यावर आहे आणि खाली सोसायटीतील मुलांची खेळण्याची जागा आहे. अशी सूचना ज्याने केली त्याने जॉबची कागदपत्रे उघडूनही पाहिलेली नाहीत, असेच मला म्हणावे लागते. दुसरे कारण असे की, काच साधी असती तरी या उपायाने फक्त दिसणे सुधारले असते. फुटलेले सील त्याने सांधले जात नाही, पोकळीत भरलेला आणि आता निघून गेलेला आर्गॉन वायू परत भरला जात नाही आणि भिजून निकामी झालेले दाणे पुन्हा कोरडे होत नाहीत. शिवाय दिवाणखान्याच्या तावदानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, स्पेसर पट्टीला लागून, आता पांढऱ्या वलयांची एकावर एक चढलेली कड दिसते. वारंवार पाणी धरल्याने काचेतील क्षार सुटून तिचा पृष्ठभागच खरवडला जातो, आणि तो डाग वाळवून किंवा धुऊन जात नाही.

न्यायाने एक गोष्ट नमूद करते. महामार्गावरच्या वाहनांचा आवाज या खिडक्या आजही चांगल्या अडवतात. तो आवाज सासूबाईंना झोपू देत नव्हता, म्हणूनच आम्ही साध्या काचेऐवजी हा खर्च केला होता, आणि त्या बाबतीत आपल्या मालाने आमची निराशा केलेली नाही. मात्र बिलात आर्गॉन भरण्याचे आणि लो-ई लेपाचे (काचेवरच्या उष्णता अडवणाऱ्या अतिपातळ थराचे) पैसे वेगळे लावलेले आहेत. आर्गॉन हवेपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी उष्णता वाहून नेतो, हे आपल्याच प्रतिनिधीने आम्हाला समजावून दिले होते. सील सुटल्यावर तो वायू आत राहण्याचे काहीच कारण नाही. आणि लो-ई लेपातील चांदीचा थर ओलाव्याने काळवंडतो, तसे तपकिरी ठिपके एका कोपऱ्यात दिसूही लागले आहेत. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी जादा पैसे घेतले, त्याच दोन गोष्टी आज आमच्याकडे नाहीत.

यावर योग्य दुरुस्ती एकच आहे. चौकटी आणि शटर चांगल्या स्थितीत आहेत, त्या काढण्याची गरज नाही. बीडिंग सोडवून केवळ काचेची युनिट बदलावीत. परंतु युनिट बदलण्याआधी निचऱ्याची सर्व छिद्रे मोकळी करून, खाचेत पाणी ओतून ते बाहेर पडते की नाही हे माझ्यासमोर दाखवावे, आणि तळाशी दोन्ही बाजूंना योग्य पॅकिंग ठेवून मगच नवी काच बसवावी. हे केले नाही तर नवे युनिटही त्याच पाण्यात बसेल आणि मला पुन्हा हेच पत्र लिहावे लागेल. पहिल्या पावसाळ्यात पाणी आत का येत होते, याचाही शोध याच वेळी घ्यावा. ते चौकट आणि भिंत यांच्या सांध्यातून येत असावे, असा माझा अंदाज आहे, आणि तसे असेल तर सिलिकॉन तिथे भरायला हवे होते. काचेच्या कडेशी कोणतेही सिलिकॉन वापरायचे झाल्यास ते आंबूस वासाचे, ॲसेटिक प्रकारचे नसावे, कारण त्याने ब्युटिलचा थर बिघडतो.

नव्या युनिटची जाडी, पोकळी, लेप आणि वायू मूळ बिलाप्रमाणेच असावेत. आपल्या माहितीपत्रकात ईएन १२७९ या युरोपीय मानकाचा उल्लेख आहे. त्यातील ओलावा शिरण्याच्या आणि वायू गळण्याच्या चाचण्यांचे प्रमाणपत्र या बॅचपुरते द्यावे. स्पेसर पट्टीवर छापलेला उत्पादनाचा महिना व वर्ष मी बसवण्यापूर्वी वाचून घेईन. काचेसमोर मेणबत्ती धरून तिची चार प्रतिबिंबेही पाहीन, कारण लेपाच्या पृष्ठभागावरील प्रतिबिंबाचा रंग इतर तिन्हींपेक्षा वेगळा दिसतो आणि लेप आहे की नाही, कोणत्या बाजूला आहे, हे त्यावरून कळते. आपला कारखाना कोकणपट्टीत आहे आणि पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. खाली सीलबंद केलेले युनिट घाट चढून आले की बाहेरचा दाब कमी होऊन काचा थोड्या फुगतात. यासाठी कारखान्यात काही काळजी घेतली जाते का, हे कृपया लेखी कळवावे. बदललेल्या युनिटवर नव्या तारखेपासून पूर्ण मुदतीची वॉरंटी मिळावी आणि काच, मजुरी, वाहतूक यांपैकी कशाचाही खर्च आमच्यावर टाकू नये.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत कामाची तारीख लेखी कळवावी. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. तक्रारदार जिथे राहतो तिथे दाद मागण्याची सोय त्या कायद्याच्या कलम ३४ मध्ये आहे, आणि सदोष माल योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी पाठवण्याचा अधिकार कलम ३८ ने आयोगाला दिला आहे. अशी तपासणी झाली तर मला आनंदच आहे. त्यासाठी एक तावदान काढून द्यावे लागले तर मी देईन. तोपर्यंत थांबावे लागू नये, हीच इच्छा आहे, कारण पुढच्या पावसाळ्याआधी छिद्रे मोकळी झाली नाहीत तर उरलेल्या तावदानांचीही तीच गत होणार आहे.

बिलाची आणि वॉरंटी कार्डाची प्रत, आपल्या विभागाचा ई-मेल, सही न केलेल्या जॉब शीटचे छायाचित्र, बुजवलेली छिद्रे आणि पाणी साचलेली खाच यांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. पाहणीसाठी माणूस पाठवायचा असल्यास सकाळी सातच्या आत पाठवावा. आम्ही घरी असतो.

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)
बावधन, पुणे