दादा, त्या रात्रीच्या पोर्टबद्दल थँक्यू

दादा,

फोनवर नुसतं "थँक्यू रे" म्हणून ठेवून दिलं तेव्हा, म्हणून आता नीट लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण याच खड्ड्यात अजून कोणीतरी पडलेलं असणारच.

तर झालेलं असं की कुबरनेटिसच्या (कंटेनर, म्हणजे डब्यात बंद केलेली ॲप्स, चालवणारी सिस्टिम) एकाच पॉडमध्ये माझे दोन कंटेनर, एक मेन ॲप आणि एक मेट्रिक्सवाला, म्हणजे ॲपचे आकडे दाखवणारा, दोन्ही ८०८० हा एकच पोर्ट (नेटवर्कवरच्या दाराचा नंबर) धरून बसलेले. लॅपटॉपवर डॉकरमध्ये वेगवेगळे मस्त चालायचे आणि पॉडमध्ये टाकले की दुसरा सारखा मरतोय, परत सुरू होतोय, परत मरतोय, क्रॅशलूप. तू म्हणालास, अगं पॉड म्हणजे एक खोली, दोन भाऊ राहतात पण पत्ता एकच, एकाच दारात दोघांनी खाट टाकली तर कसं चालेल! दुसऱ्याला ९०९० दिला, गप चालला.

मग सर्व्हिसमध्ये, म्हणजे पॉडबाहेरून आलेला ट्रॅफिक पॉडकडे पाठवणाऱ्या भागात, दुसरा पोर्ट लिहिला तर कुबरनेटिस ती यामल (सेटिंगची फाईल) घेईचना. एकच पोर्ट असेल तर नाव नसलं तरी चालतं, दोन झाले की प्रत्येकाला नाव लागतं, हे मला कुठे माहीत.

पण खरी गंमत पुढेच होती. पोर्ट-फॉरवर्ड केलं (लॅपटॉपचा पोर्ट सर्व्हिस टाळून पॉडला जोडला) की मेट्रिक्स दिसतायत, सर्व्हिसमधून गेलं की कनेक्शन रिफ्युज्ड. मी यामलमध्ये कंटेनरपोर्ट (कंटेनरचा पोर्ट लिहायची ओळ) दहा वेळा तपासला, आणि तू हसलास, म्हणे ती नुसती दारावरची पाटी आहे, पाटी लावली म्हणून दार उघडत नाही. आधी एंडपॉइंट्स (सर्व्हिस कुठल्या पॉडकडे पाठवते ती यादी) बघायला लावलेस, तिथे पॉडचा आयपी होता म्हणजे लेबल-सिलेक्टर (सर्व्हिस पॉड ओळखते ती खूण) बरोबर, मग कंटेनरच्या आत जाऊन तो नेमका कुठे ऐकतोय ते बघायला सांगितलंस. १२७.०.०.१, लोकलहोस्ट, स्वतःचाच पत्ता! म्हणजे साहेब फक्त खोलीतल्यांशीच बोलणार. पोर्ट-फॉरवर्ड पॉडच्या आतल्या लोकलहोस्टलाच जोडतं म्हणून ते चालत होतं आणि मी दोन दिवस सर्व्हिसला शिव्या घालत होते. ०.०.०.० (सगळ्या पत्त्यांवर ऐक) केलं, झालं.

नोडपोर्टला (सर्व्हिस क्लस्टरबाहेर उघडणारा, मशीनवरचा पोर्ट) पण मी सरळ ८०८० द्यायला निघाले होते, डिफॉल्टला ३०००० ते ३२७६७ मधलाच लागतो हे तू सांगितलंस म्हणून तिथे तरी अब्रू वाचली.

मुख्य म्हणजे तू स्वतः काहीच टाईप केलं नाहीस, स्क्रीन शेअर असून पण. प्रत्येक वेळी "आता काय बघशील?" एवढंच. तेव्हा राग आला होता हां, रात्री साडेबाराला कोण क्विझ घेतं!

आणि हो, मागे तुझी पोरगी रडत होती ते ऐकू येत होतं, वहिनींना माझ्याकडून सॉरी सांग.