बेसिनखालचं पाणी दाबाचं नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांचं पत्र होतं. प्लंबर वेळेवर येत नाहीत ही त्यांची तक्रार रास्तच आहे. पण शेवटी त्यांनी लिहिलं होतं की पाण्याच्या कामात घरच्या माणसांनी हात घालू नये, एक करायला जावं आणि घरभर पाणी व्हावं. मी ६३ वर्षांची, सगळी नोकरी आवक-जावक टेबलावर काढलेली बाई. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत माझंही हेच मत होतं.

आम्ही डोंबिवली पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर राहतो. मे महिन्यात एके सकाळी खालच्या मजल्यावरच्या वहिनी मोबाइलमध्ये फोटो घेऊन वर आल्या. त्यांच्या बाथरूमच्या छताला पुरीएवढा ओला डाग पडला होता. भांडायला आल्या नव्हत्या, पण "पावसाच्या आधी बघून घ्या हं" हे त्यांनी जाताना दोनदा म्हटलं. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास, सिंक यांच्या घरातल्या गळतीचा खर्च ज्याचा त्याने करायचा असतो, त्यामुळे सेक्रेटरींकडे जाण्यात काही अर्थ नव्हता.

प्लंबर नवव्या दिवशी आला. बेसिनखाली डोकं घातलं, वाटीत पांढरं सिमेंट कालवलं, वरच्या जाळीच्या कडेने आणि खालच्या नटाभोवती थापलं आणि ४०० रुपये घेऊन गेला. आठवड्यात डाग भाकरीएवढा झाला. पुन्हा बोलावल्यावर म्हणाला, "ताई, जुनं काम आहे. सगळा सेट बदला, भिंत थोडी फोडावी लागेल. साडेतीन हजार धरून चला." नक्की कुठून गळतंय, हे मात्र दोन्ही वेळा त्याने सांगितलं नाही. त्याने पाहिलंच नव्हतं.

त्या दिवशी दुपारी मी बाथरूममध्ये स्टूल टाकून नुसती बसून राहिले. एवढं लक्षात आलं की नळ बंद असला की टपटपही बंद. नळ सोडला की मिनिटाभराने सुरू. म्हणजे दोष येणाऱ्या पाण्याचा नव्हता, जाणाऱ्या पाण्याचा होता. त्या गृहस्थांना मला हाच फरक सांगायचा आहे. नळाला येणारं पाणी गच्चीवरच्या टाकीतून उतरतं. १० मीटर उंचीचं पाणी दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोचा दाब देतं. ती बाजू चुकली तर खरंच घरभर पाणी होतं, आणि भिंतीतल्या पाइपला मी आजही हात लावणार नाही. बेसिनखालचा पाइप मात्र नुसती वाट आहे. आपण ओतू तेवढंच पाणी त्यातून आपल्या वजनाने खाली जातं. ओतलं नाही तर बॉटल ट्रॅपच्या, म्हणजे बेसिनखालच्या बाटलीसारख्या भागाच्या, वाटीत वास आणि झुरळं अडवायला थांबलेलं पेलाभर पाणी सोडलं तर तिथे काहीच नसतं. तिथे माझ्या हातून चूक झाली तर फार तर बादली भरेल.

सगळे पाइप जुन्या धोतराच्या फडक्याने कोरडे केले आणि खाली आपलाच रविवारचा अंक पसरला. नळ सोडला. थेंब पडला तो थेट राशिभविष्यावर. वर पाहिलं तर ट्रॅपच्या बुडाशी पाणी लोंबत होतं. मी ती वाटी करकचून आवळली, पुन्हा नळ सोडला, पुन्हा थेंब. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की पाणी गळतं एकीकडे आणि अंगाअंगाने ओघळत येऊन टपकतं दुसरीकडे. मग प्रत्येक जोडाला टिश्यू पेपरची एकेक पट्टी गुंडाळली आणि वरून खाली बघत आले. सगळ्यात वरची, बेसिनच्या पोटाला लागून असलेली पट्टी आधी भिजली. तिथे असतं ते वेस्ट कपलिंग, म्हणजे वरची जाळी आणि तिच्याखालचा आटे पाडलेला नळकांडा. पांढऱ्या सिमेंटला तिथेच केसासारखी चीर गेली होती.

हार्डवेअरच्या दुकानात गेले तर पहिलाच प्रश्न, "हाफ थ्रेड की फुल थ्रेड?" म्हणजे कपलिंगच्या अर्ध्याच अंगावर आटे हवेत की सगळ्या. मी परत घरी. बेसिनला वरच्या कडेजवळ जादा पाणी जायचं भोक असेल तर हाफ थ्रेड. कारण ते पाणी बेसिनच्या पोटातल्या पोकळीतून कपलिंगच्या बाहेर येऊन उतरतं आणि त्याच्या अंगावरच्या खिडक्यांतून आत शिरतं. भोक नसेल तर फुल थ्रेड. आमच्या बेसिनला भोक आहे. म्हणजे नळकांड्याच्या बाहेर पाणी असणारच, आणि त्याला अडवणारा एकच शिपाई, खालचा रबरी वायसर. दुकानदार काकांना हे सगळं एका दमात सांगता आलं, प्लंबरला नाही. जाता जाता सांगते, त्यांच्या फळीवरच्या खोक्यांत 'नहाणी ट्रॅप' असंही एक खोकं होतं, बाथरूमच्या फरशीतल्या मोरीच्या भोकाला बसवतात तो. इंग्रजी बिलातही हे नाव असंच येतं म्हणे. न्हाणीघर आपण केव्हाच बाथरूम केलं, पण या धंद्यात न्हाणी अजून नांदते आहे.

आता माझी फजिती. ट्रॅपची वाटी उघडली. त्यात केसांचा बोळा, काळा गाळ आणि तीन वर्षांपूर्वी हरवलेली माझ्या कुड्याची फिरकी निघाली. त्या आनंदात बादलीतलं घाण पाणी मी उचललं आणि वर बेसिनमध्येच ओतलं. खाली पाइप नाही हे पाय भिजल्यावर आठवलं. टॉर्च धरून उभे असलेले आमचे हे काही बोलले नाहीत, पण टॉर्च हलत होता.

सिमेंट स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हलकेच टिचवत काढलं. चिनी मातीच्या बेसिनवर हातोडी चालत नाही, लाटणं चाललं. नट फिरवू गेलं की वरची जाळीही सोबत गरगर फिरायची, म्हणून ह्यांनी वरून जाळीच्या दोन भोकांत पकडीचे दांडे अडकवून ती धरली. नट सुटला आणि वायसर हातात आला. आला म्हणजे त्याचे तुकडे आले, शिळ्या खाकऱ्यासारखे. सगळं नाटक एवढ्याचं होतं.

नवं कपलिंग १८० रुपये, वायसरची जोडी २०. आट्यांवर गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेपही घेतली आणि हौसेने सगळीकडे गुंडाळली, ती पहिल्यांदा उलटी, त्यामुळे नट चढवताना तिचा बोळा झाला. काका नंतर म्हणाले की ट्रॅपच्या जोडावर टेपचा उपयोगच नसतो, तिथे पाणी अडवतो तो वायसर, आटे फक्त त्याला दाबून धरतात. ट्रॅपचा नट पहिल्या खेपेला वाकडा चढला. सरळ चढला की तो दोन बोटांनी फिरतो. जोर लागतोय असं वाटलं तर उतरवून पुन्हा लावायचा. शेवटी हाताने घट्ट आणि वर पाव फेरा, बस्स.

मग बूच लावून बेसिन त्या वरच्या भोकापर्यंत भरलं, भोकातून पाणी जाऊ दिलं आणि बूच एकदम ओढलं. अंक कोरडा. रात्रभर ठेवला, सकाळी कोरडा. वर महिना झाला.

आमच्या शाळेत मुलींना शिवण होतं आणि मुलांना सुतारकाम. नातवाच्या कार्यानुभवात कागदी फुलं. शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कालबागांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला, काम करत शिकण्यासाठी, विज्ञान आश्रम काढला, आणि तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय आज काही शाळांतून मुलं हाताने शिकतात. डोंबिवलीच्या मुलांनाही बेसिन असतंच की.

एक विनंती. पत्र छापलंत तर माझं नाव घालू नये. खालच्या वहिनीही आपलाच पेपर घेतात, आणि काम प्लंबरने केलं अशीच त्यांची समजूत आहे. खरं कळलं तर त्या रोज छताकडे बघत बसतील. त्यांचा रंग दिवाळीला लागणार आहे, तोवर तरी राहू द्या.

आपली नम्र,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)