गालाला चिकटून राहील अशी फिल्म

छत्रपती संभाजीनगर,
१८ जुलै

प्रिय दोस्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. लकव्यानंतर काकूंना गोळी गिळवत नाही, तू ती कुटून दुधातून देतोस आणि निम्मी पेल्याच्या बुडाशीच राहते, हे वाचून जीव कळवळला. आधी एक सांगतो. सरसकट गोळ्या कुटू नकोस. नावापुढे एसआर किंवा ईआर असेल, तर ती औषध हळूहळू सोडणारी गोळी असते. कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं.

आता तुझा प्रश्न. जिभेवरची फिल्म, म्हणजे औषध मिसळलेली कागदासारखी पातळ पट्टी, विरघळली म्हणजे औषध लागू झालं ना? इथंच गल्लत होते. झटपट विरघळणारी फिल्म गोळी गिळायचा त्रास वाचवते, पण तिचं औषध बहुतेक लाळेबरोबर पोटातच उतरतं. उलटीवरच्या ऑन्डान्सेट्रॉनच्या फिल्मला अमेरिकेत २०१० मध्ये मंजुरी मिळाली, तिचीही वाट पोटातूनच. आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं आणि काही औषधांचा मोठा हिस्सा तिथंच मोडतो. रक्तदाबावरचं प्रोप्रॅनॉलॉल गिळलं तर जेमतेम पाव हिस्सा पुढं रक्तात पोचतो. तोंडाच्या अस्तरातलं रक्त मात्र यकृतात न जाता थेट हृदयाकडं निघतं. छातीत कळ आली की आमच्या आबांच्या जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायचे, आठवतं? ते याचसाठी.

म्हणून प्रयोगशाळेत माझी सगळी धडपड फिल्म चिकटवण्याची आहे. ती गालाच्या आत टिकली पाहिजे आणि औषध अस्तराकडंच सुटलं पाहिजे. त्यासाठी तिच्या पाठीला इथाइल सेल्युलोजचा थर देतो, तो लाळेत विरघळत नाही.

एचपीएमसीची, म्हणजे सेल्युलोजपासून बनवलेल्या, पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाची पूड पाण्यात रात्रभर फुगली की पेजेसारखी दाट होते. त्यात औषध आणि लवचिकपणासाठी ग्लिसरीन. बुडबुडे पूर्ण बसू द्यावे लागतात, नाहीतर फिल्मला भोकं पडतात. मग पेट्री डिशमध्ये, म्हणजे काचेच्या उथळ ताटलीत, ओतून ओव्हनमध्ये ४० ते ५० अंशांवर सुकवायचं, ब्लेडनं कड सोडवायची आणि २ सेंटिमीटरचे चौकोन कापायचे. एकाच घडीवर ३०० वेळा दुमडून तुटली नाही, तर ती चांगली. मे महिन्यात आपल्याकडच्या कोरड्या झळांनी फिल्म पापडासारखी तडकायची. ग्लिसरीन वाढवलं, तर आता पावसाळ्यात तीच बोटांना चिकटते. सुकली की लगेच ॲल्युमिनियमच्या पाकिटात बंद करतो.

सकाळी लवकर खाटकाकडून बोकडाचा गाल आणतो. आतलं अस्तर अलगद सोडवून फ्रान्झ सेलवर ताणतो, म्हणजे अस्तरातून औषध किती पार होतं ते बघायच्या काचेच्या भांड्यावर. वर फिल्म, खाली ३७ अंशांचं बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण. दर अर्ध्या तासानं थोडं बफर काढून त्यात किती औषध उतरलं ते मोजायचं. गेल्या मंगळवारी पहिल्यांदा आकडे एकसारखे चढत गेले, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं रे.

पण तुला खोटी आशा लावणार नाही. एवढ्याशा चौकोनात थोडेच मिलिग्रॅम मावतात, ५०० मिलिग्रॅमची गोळी त्यात बसायची नाही. शिवाय माझी फिल्म अजून माणसाच्या तोंडापर्यंत पोचलेली नाही.

तू उद्याच काकूंच्या सगळ्या औषधांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडं जा. कुठलं पातळ औषधात मिळतं, कुठलं कुटलं तर चालतं, एकेक विचारून घे. दूध पिताना काकूंना ठसका लागत असेल तर तेही सांग. आणि काय म्हणाले ते मला रात्री फोनवर कळव. पोळ्याला येतोच आहे.

तुझाच