दत्ता, जहाजावर चढण्यापूर्वी हे वाच

अंबाजोगाई,
१८ नोव्हेंबर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र जुलैत आले आणि मी उत्तराला बसलो आहे नोव्हेंबरात. याबद्दल तू मनातल्या मनात मला जे काही म्हणाला असशील ते सर्व मान्य आहे. प्रकृती ठीक, साखर आटोक्यात, गुडघा कुरकुरतो पण चालतो. सौ. मजेत आहे.

अनुजाने तुम्हा दोघांसाठी सिंगापूरहून पिनांग आणि फुकेतला जाणाऱ्या जहाजाचे तिकीट काढले, त्या वेळी तू विचारले होतेस की काय न्यावे, कधी पोहोचावे आणि परतताना काय सांभाळावे. तेव्हा मला यातले काहीही कळत नव्हते, म्हणून गप्प बसलो. आता दिवाळीनंतर आम्ही अकरा जण मुंबई-गोवा-मुंबई असे तीन रात्रींचे जहाज करून आलो आहोत. एवढ्या अनुभवावर माणूस आपल्याकडे तज्ज्ञ होतो, तेव्हा सल्ला देण्याचा अधिकार मला प्राप्त झाला आहे. मात्र हे पत्र खरे तर सल्ल्यासाठी लिहीत नाही. गोव्याच्या बंदरावर असे काही घडले, की ते तुझ्याशिवाय कोणाला सांगून उपयोग नाही. तिथवर क्रमाने येतो, कारण तुला उपयोगाच्या गोष्टी त्या वाटेवरच आहेत.

पहिली गोष्ट वेळेची. जहाज ज्या दिवशी सुटणार त्याच दिवशी बंदराच्या गावी पोहोचण्याचा बेत कधीही करू नये. आम्ही लातूरहून रात्रीच्या गाडीने निघालो आणि मी हट्टाने एक दिवस आधीची तिकिटे काढली, तेव्हा परळीच्या साडूंनी सगळ्यांसमोर हिशेब मांडला की एका रात्रीच्या लॉजचे इतके पैसे फुकट गेले. गाडी तीन तास उशिरा पोहोचली. साडूंनी त्यानंतर लॉजचा विषय काढला नाही, फक्त तिथल्या चहाला नावे ठेवली. बॅलार्ड पियरचे क्रूझ टर्मिनल सीएसएमटीहून जवळच आहे, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आम्ही निवांत पोहोचलो. तू तर एस.टी.च्या स्टँडवरही एक तास आधी जाऊन बसणारा माणूस, त्यामुळे तुला हे सांगणे म्हणजे पंढरपूरच्या बडव्याला विठ्ठल दाखवण्यासारखे आहे. तरीही सांगतो. नांदेडहून हैदराबाद, हैदराबादहून विमान आणि सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, एवढे सगळे एका दिवसात बसवू नका. विमान चुकले तर दुसरे मिळते. जहाज मात्र तुमच्यासाठी थांबत नाही, आणि पुढच्या बंदरावर जाऊन ते गाठण्याचा खर्च तुम्हालाच करावा लागतो.

कागदपत्रांत एक खाच आहे, ती अनुजाला दाखव. जहाज तुम्हाला फिरवून पुन्हा सिंगापुरातच आणून सोडणार, म्हणजे त्या देशात तुम्ही दोनदा प्रवेश करणार. व्हिसा एकापेक्षा अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे तिने आत्ताच पाहावे. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून अधिक उरलेली असली पाहिजे. सिंगापूरचे आगमन-कार्ड पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत इंटरनेटवर भरायचे असते आणि ते सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येते. त्यासाठी पैसे मागणारा जो कोणी भेटेल तो दलाल समजावा.

आता एक कटू गोष्ट. तुझी तंबाखूची पुडी नांदेडलाच राहणार आहे. सिंगापुरात खाण्याच्या तंबाखूला बंदी आहे, चुन्याच्या डबीत लपवून नेण्याचे तुझे कॉलेजातले कसब तिथे चालणार नाही, आणि वहिनींना हा परिच्छेद तू वाचून दाखवणार नाहीस हे ठाऊक असल्यामुळे मी त्यांना वेगळा फोन करणार आहे. त्यांच्यासाठीही एक निरोप आहे: तिथे खसखशीलाही बंदी आहे, तेव्हा अनारशांचा डबा बॅगेत भरू नये.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्या साडवीणबाईंनी अकरा जणांना तीन दिवस पुरतील एवढे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. घरचे अन्न जहाजावर नेता येत नाही असे दारावर सांगण्यात आले. मग बॅलार्ड पियरवर, गोऱ्या साहेबाच्या काळातल्या त्या दगडी इमारतींच्या सावलीत, आम्ही उभ्याने धपाटे खाल्ले आणि उरलेले टॅक्सीवाल्यांना वाटले. एका टॅक्सीवाल्याने चटणीचा डबाच मागून घेतला. साडूंची इस्त्रीही तपासणीत निघाली आणि जप्त झाली, कारण आगीच्या भीतीने जहाजावर इस्त्री, शेगडी, मेणबत्ती असे काही चालत नाही. ती परतताना मिळाली. तोवर साडू चुरगळलेल्या सदऱ्यात कॅप्टनबरोबर फोटो काढून घेत राहिले.

मोठ्या बॅगा बंदरावरच त्यांच्या ताब्यात द्याव्या लागतात आणि त्या खोलीपर्यंत येतात कधी, तर आमच्या रात्री आठ वाजता आल्या. सौ.च्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यातच होत्या. तेव्हा औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, पासपोर्ट, एक बदलायचा कपडा हे खांद्यावरच्या पिशवीत असू द्या. वहिनींना बस लागते हे मला वेरूळच्या घाटापासून ठाऊक आहे. खोली अजून बदलता येत असेल तर जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावरची घ्या, तिथे हेलकावा कमी जाणवतो, आणि गोळी मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची असते. हात साबणाने धुवावेत. जहाजांवर जुलाब-उलट्यांचा जो विषाणू पसरतो त्याला हाताला चोळण्याचे ते सॅनिटायझर फारसे जुमानत नाही.

चढल्याबरोबर संकटकाळच्या कवायतीचा भोंगा होतो, सात आखूड आणि एक लांब. त्या वेळी खोलीत लोळत पडू नका, नेमून दिलेल्या जागी जा. साडू म्हणाले होते की हा सगळा देखावा आहे. मी त्यांना इटलीच्या कोस्टा कॉन्कॉर्डियाची हकीगत सांगितली. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ते जहाज जिल्यो बेटाजवळच्या खडकावर आदळले आणि ३२ माणसे गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची तोवर कवायतच झालेली नव्हती. तेव्हाच्या नियमात चोवीस तासांची सवलत होती. २०१५ पासून नियम असा झाला की कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच झाली पाहिजे. साडू गप्प झाले आणि पूर्ण वेळ लाइफजॅकेट घालून उभे राहिले, जे कोणी सांगितलेही नव्हते.

आता गोवा.

जहाज मुरगाव बंदराला लागले. सहा वाजता सुटणार, साडेचारपर्यंत सर्वांनी परत यावे, अशी पाटी उतरण्याच्या दाराशीच होती. साडू आणि साडवीणबाई मंगेशीला निघाले. मी म्हणालो, लांब आहे, जहाजाच्या कंपनीच्या बसमधून जा, तिला उशीर झाला तर जहाज थांबण्याची शक्यता तरी असते. ते म्हणाले, बसवाले लुटतात. टॅक्सी करून गेले. आम्ही नऊ जण वास्कोत थोडे हिंडून चारलाच परत आलो. साडेचार झाले. दारावरच्या तरुण अधिकाऱ्याने मला, म्हणजे गटाचा म्होरक्या म्हणून, विचारले की तुमची सगळी माणसे आली का. आणि दत्ता, मी त्याला क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, “हो, अकरा.”

मी मोजले नव्हते. मला जेवणाच्या हॉलमध्ये खिडकीजवळचे टेबल धरायचे होते.

त्या पोराने समोरच्या पडद्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाला, “सर, नऊ.” जाता-येता प्रत्येकाच्या खोलीचे कार्ड यंत्राला लावतात, त्यामुळे कोण बाहेर आहे हे माझ्या आधी यंत्राला ठाऊक होते. पुढचा पाऊण तास मी त्या कठड्याला धरून उभा होतो. साडूंचा फोन लागत नव्हता. सौ. माझ्याशी बोलत नव्हती. सव्वापाचला टॅक्सी आली, साडवीणबाईंच्या हातात प्रसादाची पुडी होती, आणि साडू म्हणाले, “गोव्यात वाहतूक फार वाढली आहे.”

तुला आता समजले असेल मी कुठे येतो आहे. १९७९, अकरावीची सहल, दौलताबाद. कुलकर्णी सरांनी यादी माझ्या हातात दिली होती, ४२ नावे. तू किल्ल्यातल्या त्या काळोख्या वाटेत, अंधारीत, मागे राहिलास आणि बस निघून गेली. उसाच्या ट्रकमधून तू रात्री औरंगाबादेत आलास, तेव्हा मी सर्वांसमोर सांगितले की मी बेचाळीस मोजले होते, दत्ताच उशिरा निघाला असणार, त्याचे घड्याळ मागे पडते. तुझ्या वडिलांनी ती एचएमटी जनता तुझ्या मनगटावरून काढून घेतली आणि बारावी होईपर्यंत परत दिली नाही. मुकुंदराजाच्या समाधीच्या वाटेवर आपले यावरून किती वेळा वाजले आहे. तू म्हणायचास, मध्या, तू मोजले नाहीस. मी म्हणायचो, तुझे घड्याळ.

तुझे घड्याळ बरोबर होते. मी तेव्हाही मोजले नव्हते. मला ड्रायव्हरच्या मागची खिडकी पाहिजे होती. सर विचारत होते आणि मी “हो, बेचाळीस” म्हणालो, अगदी परवासारखेच, त्याच सुरात. साडूंची टॅक्सी येईपर्यंत मला ते वाक्य ऐकू येत होते. सेहेचाळीस वर्षे मी ही गोष्ट घड्याळावर ढकलत आलो आहे, आणि माझे वय त्रेसष्ट झाले तरी माझी मोजणी सुधारलेली नाही. यावर तू जे काही लिहिशील ते लिही. फोनवर बोलू नकोस, मला उत्तर देता येणार नाही.

घड्याळावरूनच तुला सर्वांत महत्त्वाचे सांगायचे आहे. सिंगापूर आणि पिनांगची वेळ एक आहे, पण फुकेत त्यांच्या एक तास मागे आहे. मोबाइल किनाऱ्यावर आपोआप तिथली वेळ धरतो, जहाज मात्र आपलीच वेळ चालवत असू शकते. मोबाइलमध्ये चार वाजलेले असतील आणि जहाजावर पाच. तेव्हा उतरण्यापूर्वी जहाजाची वेळ विचारून हातातल्या घड्याळाला लावायची आणि मोबाइलकडे पाहायचेच नाही. शिवाय फुकेतला बरीच मोठी जहाजे पाटाँगसमोर नांगर टाकून उभी राहतात आणि माणसांना छोट्या होड्यांतून नेतात, म्हणजे शेवटची होडी जहाजाच्या सुटण्याच्या बरीच आधी निघते. समुद्रात असताना मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवावा. जहाजावरचे नेटवर्क उपग्रहावरून चालते आणि त्याचे बिल पाहून तुझी पेन्शन रडेल.

उतरण्याचेही एक शास्त्र आहे. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात. मी आज्ञाधारकपणे सगळे कपडे घडी करून बॅगेत भरले, बॅग बाहेर ठेवली आणि झोपलो. सकाळी अंगावर पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि बनियन एवढेच होते. मुंबई बंदरावर मी साडूंचा तोच चुरगळलेला सदरा घालून उतरलो, आणि त्यांनी त्याचा उल्लेख परळी येईपर्यंत सात वेळा केला. बिल मात्र आदल्या रात्रीच पाहून घे; रोजची सेवेची बक्षिशी त्यात आपोआप लावलेली असते, आणि सकाळी हिशेबाच्या खिडकीसमोर रेशनच्या दुकानासारखी रांग लागते. परतीचे विमान दुपारनंतरचे असू दे. घरी आल्यावर दोन दिवस मोरीतली फरशी हलते आहे असे वाटेल, तो रक्तदाब नव्हे, समुद्र अंगातून उतरायला वेळ लागतो. डॉक्टरांकडे धावू नकोस.

नातवाचे बारसे चुकले त्याबद्दल वहिनींची माफी माग. नव्या घराला गच्ची आहे का ते लिही. तुझ्या मोतीबिंदूचे जानेवारीत ठरले असेल तर मी येतो.

तुझा,
मधू

ता. क. बॅगांना लाल नाडा बांध. आमच्या जहाजावरून शेकडो काळ्या बॅगा एकाच वेळी उतरल्या, आणि सौ.ने सोलापूरच्या कोणा डॉक्टरीणबाईंची बॅग दादरपर्यंत ओढत नेली होती.