वरच्या मजल्यावरच्या काकूंना

ती. काकूंना सा. न.

रोज जिन्यात भेटतो, तरी पत्र लिहितेय. समोर बोलायला गेले की तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून विषय बदलता. आणि मला हे चारचौघांत सांगायचंय.

त्या मंगळवारी सकाळपासून माझी नुसती धावपळ चालली होती. दुसऱ्या दिवशी मिस्त्री ओट्यामागच्या जुन्या टाइल फोडायला येणार होते. त्यात नर्मदेच्या नळाचा दिवस. आपल्या इंदूरच्या रामबागेत पाणी एक दिवसाआड, म्हणजे ड्रम त्याच दिवशी भरायला हवेत. गहू दळून आणायचे, आईचे काचबिंदूचे थेंब संपलेले, लेकाला क्लासहून आणायचं. स्वयंपाकघर रिकामं करायचं ते या सगळ्याच्या मधल्या फटीत. मी डबे दिसतील तसे खोक्यांत कोंबत होते.

तुम्ही विरजण मागायला आलात आणि दारातच थांबलात. ‘अगं, आईंना सापडेल का यातलं काही?’

काकू, हा प्रश्न मला सुचायला हवा होता. आईला आता समोरचं धूसर दिसतं. तिचं स्वयंपाकघर तिच्या हातांत आहे: चहाचा डबा डावीकडे, साखर त्याला लागून, मीठ खाली. आठ-दहा दिवस ते सगळं खोक्यांत गेलं असतं, तर तिला चहाच्या घोटासाठीसुद्धा कुणाची तरी वाट पाहावी लागली असती.

तुम्ही माझी खोकी परत उघडलीत. मागच्या खोलीत टेबल लावून ओट्यावरच्याच क्रमाने डबे मांडलेत. मिठाच्या डब्याला एक रबरबँड, साखरेच्या डब्याला दोन. आईचा हात धरून दोनदा सगळ्यावरून फिरवलात. शेगडी मी जमिनीवर ठेवणार होते, तेव्हा तुम्ही ठाम नाही म्हणालात. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावरच हवी, आणि आईंना वाकावं लागता कामा नये. रेग्युलेटर बसवल्यावर जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना, तेही तुम्हीच पाहिलंत.

मग तुमचं लक्ष टाइलच्या पेट्यांकडे गेलं. मी टाइल भिजवायला टब भरून ठेवला होता, कारण पूर्वी घरी तसंच पाहिलेलं. तुम्ही पेटीवरचं वाचून म्हणालात, ‘ही विट्रिफाइड आहे, ही पाणी पीत नाही. नुसत्या सिमेंटवर धरणार नाही, अ‍ॅडहेसिव्ह लागेल.’ तुमच्या ओट्यामागच्या टाइल एका पावसाळ्यात कशा सुटून आल्या होत्या, ते तेव्हा कळलं. शिवाय सहा पेट्यांतल्या एकीवर शेड नंबर वेगळा निघाला. ती रिक्षात घालून मी सियागंजच्या बाजारात गेले, बदलून घेतली, येताना अ‍ॅडहेसिव्हची गोणी आणली. घरी परतले तर थेंब आलेले, पीठ दळून आलेलं, ड्रम भरलेले आणि आई तुमच्याशी बोलत मटार सोलत बसलेली. तिला असं बसलेलं मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

मलब्याचंही तुम्हीच सांगितलंत. कचरागाडीत ओला-सुका सगळा जातो, पण फोडलेल्या टाइल नाही. त्यासाठी नगर निगमला, म्हणजे महापालिकेला, वेगळं कळवायचं. नाहीतर त्या गोण्या आपल्या जिन्यातच पडून राहिल्या असत्या.

पण सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही रात्री घेऊन आलात: तुमच्या माळ्यावर उरलेली उठावाच्या नक्षीची एक टाइल. शेगडीच्या वीतभर आधी, आईच्या हाताच्या उंचीवर बसवायला. मिस्त्री म्हणाले, रंग जुळत नाही, विचित्र दिसेल. मी बसवायला लावली.

काल सगळं जागेवर लागलं. दुपारी आई एकटी आत गेली. मी दारात उभी होते, पण बोलले नाही. तिची बोटं गुळगुळीत टाइलवरून सरकत त्या नक्षीवर आली, थांबली. मग तिने लायटर उचलला आणि आधण ठेवलं. तीन कपांचं. तिसरा कुणाचा, विचारलं तर म्हणाली, ‘वर हाक मार.’ तुम्ही लेकीकडे गेला होतात, म्हणून तो राहिला. आज संध्याकाळी खाली या, काकू. आई चारपासून वाट पाहील.

तुमची,
खालच्या मजल्यावरची